कांग यात्से-२ : चौदा दिवसांचा हिशोब

ज्या गिर्यारोहण संस्थेबद्दल हा अभिप्राय लिहितेय, तिच्याबरोबर मी आणि माझी भाची यंदाच्या ऑगस्टमध्ये लडाखमधल्या कांग यात्से-२ या ६,२५० मीटर उंचीच्या शिखराच्या मोहिमेवर गेलो होतो. मी माथ्यावर पोचले, भाची पोचली नाही. तरी पाचपैकी पाच तारे द्यायचं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, आणि त्यातही आग्रह तिचाच जास्त होता. पैसे भरण्याआधी मी महिनाभर इतरांचे अनुभव वाचत होते. ‘अप्रतिम’, ‘स्वर्ग’, ‘एकदा तरी कराच’ यापलीकडे हाती काही लागलं नाही. कुठल्या उंचीवर किती रात्री काढायच्या, कुणी आजारी पडलं तर खाली कोण नेणार, राखीव दिवस आहे का, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी सविस्तर लिहितेय.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते, वय ४६. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून मग शाळा, हा पंधरा वर्षांचा नेम आहे. उंचीची धास्ती मात्र मनात होती आणि ती उगाच नव्हती. २०१९ मध्ये मी आणि आमचे हे एका टूर कंपनीबरोबर लेहला गेलो होतो. विमानाने उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्हाला खारदुंग लाला नेलं. ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे, आणि साताऱ्याची उंची सातशे मीटरच्या आसपास. संध्याकाळी ह्यांना खोकला सुरू झाला. रात्री आडवं पडवेना, छातीत घुरघुर, ओठ काळेनिळे. पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा फुप्फुसात पाणी झालं होतं. दोन दिवस ऑक्सिजनवर होते. कंपनीचा माणूस ‘बाकीच्यांना पँगाँगला न्यायचंय’ म्हणून निघून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. त्यामुळे यावेळी मी शिखराच्या फोटोंऐवजी फक्त दिवस मोजत होते.

या संस्थेची पहिली गोष्ट मला पटली ती म्हणजे त्यांनी मला नकार दिला. मागच्या वर्षी फोन केला तेव्हा तिकडून तासभर चौकशी झाली. चार हजार मीटरच्या वर कधी झोपलात का, पाठीवर वजन घेऊन सलग किती तास चालता, रक्तदाब, थायरॉइड, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी, घरात कुणाला उंचीचा त्रास झालाय का. शेवटी ते म्हणाले, ‘दीदी, यंदा पैसे भरू नका. आधी चार हजारांच्या वरचा एखादा ट्रेक करा, तुमचं शरीर कसं वागतं ते बघा, मग या.’ जागा रिकाम्या असताना असं सांगणारा धंदेवाईक माणूस मला तरी नवीन होता. त्यानंतर मी हिमाचलमधला हामटा पास केला, ४,२७० मीटर. पहिल्या रात्री थोडं डोकं जड झालं, दुसऱ्या दिवशी ठीक. ते सगळं कळवलं आणि मग नाव नोंदवलं.

त्यानंतर तयारीचं वेळापत्रक आलं. बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. पाठीवर आधी सहा, मग दहा किलो. आम्ही सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून अजिंक्यतारा चढायचो आणि वर पाणी झाडांना ओतून हलक्या सॅकने उतरायचो, म्हणजे गुडघ्यांवर भार येत नाही. ही युक्ती संस्थेचीच. भाची २२ वर्षांची, यवतेश्वरच्या घाटातली हाफ मॅरेथॉन पळालेली. तिला हे वेळापत्रक फार सोपं गेलं, मला जड गेलं. दर रविवारी केलेल्या व्यायामाची नोंद पाठवायची आणि सोमवारी त्यावर कुणीतरी खरोखर वाचून उत्तर द्यायचं. माझी एका आठवड्याची नोंद आली नाही तर फोन आला.

आता मुख्य मुद्दा, दिवसांचा. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर मंडळी सांगतात. मी वहीत एक रकाना पाडला आणि प्रत्येक संस्थेचा कार्यक्रम त्यात उतरवून काढला. यांचा असा होता : लेहला ३,५०० मीटरवर तीन रात्री, मग चिलिंगमार्गे गाडीने स्कियू, म्हणजे लेहपेक्षा किंचित खालीच. तिथून मार्खा खोऱ्यातून चालत मार्खा गाव, हांकर, थाचुंगत्से असं रोज दोनशे ते चारशे मीटर वर. थाचुंगत्सेहून निमालिंग ही उडी मात्र सहाशे मीटरची आहे, ४,२०० वरून ४,८००. मध्ये मुक्काम करण्यासारखी जागा नाही. म्हणून यांनी निमालिंगला दोन रात्री ठेवल्या होत्या. मग ५,१०० च्या आसपास तळ, तिथे एक दिवस सराव, एक दिवस चढाई आणि एक दिवस राखीव. कोंगमारू ला ही खिंड ओलांडून परत लेह, असे एकूण चौदा दिवस. मी पाहिलेल्या दुसऱ्या दोन कार्यक्रमांत निमालिंगला एकच रात्र होती आणि राखीव दिवस नव्हताच. ते पंधरा-सोळा हजारांनी स्वस्त होते. फरक बहुतेक या दोन दिवसांचाच होता.

लेहमधले तीन दिवस वाया गेले असं कुणाला वाटेल तर वाटू दे. पहिला दिवस नुसता लोळून काढायचा, दुसऱ्या दिवशी सावकाश शांती स्तूपापर्यंत, तिसऱ्या दिवशी सामानाची तपासणी. ही तपासणी म्हणजे नुसती यादी वाचून दाखवणं नव्हतं. बर्फाचे दुहेरी बूट घालून, त्याला क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे काटे, बांधून अंगणात अर्धा तास चालायला लावलं. माझ्या पायाला त्यांनी आणलेला बूट अर्ध्या नंबरने मोठा निघाला, टाच उचलली जात होती. त्यांनी तिथल्या तिथे बाजारातून दुसरा जोड मागवला. हे पाच हजार मीटरवर कळलं असतं तर काय केलं असतं? हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरपट्टा, जाड पँटवर चढवून पाहिला, हातमोजे घालून जुमार, म्हणजे दोरावरून वर सरकणारी पकड, दोरावर अडकवता येतोय का तेही पाहिलं. भाचीच्या स्लीपिंग बॅगची चेन मात्र तुटकी निघाली आणि ती बदलून मिळायला दोन वेळा मागे लागावं लागलं. एवढ्या काटेकोर लोकांकडून ती आधीच बघितली जायला हवी होती.

औषधाबद्दल : उंचीचा त्रास टाळायला घेतात ते डायमॉक्स घ्यायचं की नाही हे त्यांनी आमच्या डॉक्टरांवर सोडलं. माझ्या डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम दोन वेळा सांगितली. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री लघवीला उठावं लागतं, एवढं धरून चाला. भाचीने घेतली नाही.

मार्खा खोऱ्याचं वर्णन करत नाही, फोटो सगळीकडे आहेत. उपयोगाचं तेवढं सांगते. नदी दुपारनंतर वाढते, कारण वरचा बर्फ उन्हाने वितळून पाणी खाली यायला तेवढा वेळ लागतो. जिथे पाण्यातून जायचं होतं तिथे आम्हाला सकाळी आठच्या आत पार नेलं. दुपारी मागून आलेला एक गट काठावर अडकलेला पाहिला. हा सगळा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. हिमबिबट्या दिसला नाही, नीलमेंढ्या मात्र मनसोक्त दिसल्या. हांकरला घरातच मुक्काम होता. घरच्या बाईंनी थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, दिला, त्यात त्यांच्याच वाफ्यातला पालक. असे मुक्काम संस्थेने मुद्दाम ठेवलेत, पैसे थेट त्या घराला जातात.

सहाव्या दिवशी मला पाळी आली. बायकांसाठी लिहितेय म्हणून हे स्पष्टच लिहिते. शौचालयाच्या तंबूत कागदी पिशव्या आणि झाकणाचा डबा ठेवलेला होता. वापरलेलं सगळं बंद करून घोड्यावरून खाली लेहपर्यंत आणलं गेलं. मला कुणाकडे काही मागावं लागलं नाही, समजावून सांगावं लागलं नाही. पथकात एकही बाई गाईड नव्हती, हे मात्र मी त्यांना सांगून आले. आम्ही आठ जणांत तीन बायका होतो.

तक्रार म्हणाल तर थाचुंगत्सेच्या वाटेवरची. दुपारी पाऊस आला आणि आम्ही मुक्कामाला पोचलो तरी घोडे आलेले नव्हते. जाड जॅकेट घोड्यावरच्या बॅगेत. दोन तास ओल्या कपड्यांनी एका दगडी भिंतीच्या आडोशाला बसलो, दात वाजत होते. पाठीवरच्या सॅकमध्ये एक कोरडा थर आणि जॅकेट ठेवाच, हे त्यांनी सकाळी निघताना सांगायला हवं होतं. मुख्य गाईडने त्या रात्री सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि दुसऱ्या दिवसापासून निघताना प्रत्येकाची सॅक उघडून पाहिली.

जेवणाबद्दल मला कौतुकच आहे. पाच हजार मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांलाच उकळतं, त्यामुळे नुसत्या पातेल्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी दडदडीत राहते. मी वर्गात हे दरवर्षी शिकवते, पण तळावर रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या तेव्हा ते खरं कळलं. आचारी लडाखी, वरणाला फोडणी मात्र आपल्यासारखी. श्रावण चालू होता, मी सोमवार करते. वर उपास नको असं आईनेच बजावलं होतं आणि निघताना मेतकुटाची पुडी दिली होती. ती पुडी पुढे फार उपयोगी पडली.

दहाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तळावर पोचलो. गाईड रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावायचे, पण त्यापेक्षा ते बघायचे ताटाकडे. कोण किती जेवलं, कोण बोलायचं थांबलं. भाचीने सूप अर्धं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही गं मावशी, रात्री झोप नीट झाली नाही.’ मलाही ते खरं वाटलं. गाईड तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूहळू विचारत गेले. डोकं दुखतंय का, एक ते तीनमध्ये किती, मळमळ, चक्कर. तेव्हा ती म्हणाली, सकाळपासून दुखतंय. थोड्या वेळाने उलटीही झाली. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ७३ टक्के. माझा ८२ होता.

त्यांनी तंबूतून दोर आणला आणि खडीवर सरळ अंथरला, चार-पाच मीटर. भाचीला सांगितलं, यावरून चाल, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच टेकवत. मी श्वास धरून बघत होते. मेंदूला सूज येऊ लागली की माणसाला असं चालता येत नाही, तोल जातो. ती चालली. शेवटाला जाऊन वळली आणि परत आली, एकदाही पाऊल दोराबाहेर पडलं नाही. गाईड म्हणाले, चांगलं आहे, पण खाली जायचं, आत्ताच, उजेड आहे तोवर. ती रडकुंडीला आली. एक रात्र थांबून बघूया, गोळी घेते, मी पळणारी मुलगी आहे, सगळं बोलून झालं. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘पळण्याचा आणि याचा संबंध नाही, बेटा. हा आजार तंदुरुस्त माणसाला आधी फसवतो, कारण तो भराभर चढतो.’ अर्ध्या तासात सहाय्यक गाईड, ती आणि मी निमालिंगकडे निघालो होतो. तिची सॅक सहाय्यक गाईडने घेतली. मला कुणी ‘तुम्ही थांबा’ किंवा ‘तुम्ही जा’ असं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की उद्या दुपारपर्यंत परत आलात तर तुमची जागा आहे.

तीनशे मीटर उतरलो असू. निमालिंगला पोचेपर्यंत अंधारलं. मी मऊ भात करायला लावला, त्यात तूप आणि आईचं मेतकूट. तिने दोन घास खाल्ले, मग आणखी चार, आणि झोपली. मी रात्रभर दर तासाला तिचा श्वास ऐकत होते. २०१९ ची ती रात्र डोळ्यांसमोरून हलत नव्हती. सकाळी सातला ती उठून म्हणाली, ‘मावशी, भूक लागलीय.’ डोकं जवळजवळ थांबलं होतं. तिनेच मला ढकललं, ‘तू जा.’ स्वयंपाकघरातला एक मदतनीस तिच्यासोबत राहिला आणि मी सहाय्यक गाईडबरोबर दुपारी बारापर्यंत पुन्हा तळावर पोचले.

आता तो राखीव दिवस बघा. मी खाली गेले त्यामुळे सकाळचा बर्फावरचा सराव माझा बुडाला होता. ठरल्याप्रमाणे त्याच रात्री चढाई होती. पण रात्री दहाला वारा इतका सुटला की तंबूचं कापड फटफट वाजत होतं आणि बारीक बर्फ सुरू झाला. गाईडने अकराला येऊन सांगितलं, आज नाही, झोपा. राखीव दिवस नसता तर एक तर त्या वाऱ्यात निघावं लागलं असतं किंवा तळावरूनच परत. दुसऱ्या दिवशी हवा निवळली आणि मला एकटीला घेऊन त्यांनी दोन तास दोराचं, बर्फाच्या कुऱ्हाडीने घसरण थांबवायचं आणि क्रॅम्पॉनवर पाय टाकायचं शिकवलं. दुपारी घोडेवाल्याने भाचीची चिठ्ठी आणून दिली. ‘ऑक्सिजन ८६. इथल्या अमालेंनी (लडाखीत आई) दही दिलं, याकचं आहे म्हणाल्या. त्यांच्या मेंढ्या मोजायला मदत केली, दोन वेळा चुकले. तू नीट जा. वर गेलीस की आजीचं नाव घे.’ ती चिठ्ठी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली.

रात्री साडेअकराला निघालो. आधी तीनेक तास दगडांचा चढ, मग साधारण ५,६०० मीटरवर बर्फ लागला. क्रॅम्पॉन बांधले, दोरात अडकलो. इथून पुढे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. सात-आठ पावलं, थांबा, श्वास. पुन्हा सात-आठ पावलं. गाईडने चालीचा वेग पहिल्यापासून इतका हळू ठेवला होता की सुरुवातीला मला थंडी वाजत होती, आणि शेवटी तोच वेग मला पुरला. आमच्यातल्या एकाच्या पायाची बोटं बधिर झाली, त्याला घेऊन एक सहाय्यक तिथूनच उतरला. परत फिरायची वेळ सकाळी आठ अशी ठरलेली होती, कुठेही असलो तरी. आम्ही सहा जण सातला दहा कमी असताना पोचलो. पताका होत्या, बाजूला कांग यात्सेचं मोठं शिखर, उत्तरेला काराकोरमच्या रांगा. गाईड ‘की की सो सो ल्हार्ग्यालो’ (देवांचा विजय असो) म्हणाले, मी आईचं नाव घेतलं. पंधरा मिनिटांत उतरायला लावलं, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो.

खर्च : माणशी ६४,००० आणि वर जीएसटी. त्यात परवानगी, उद्यानाचं शुल्क, तंबू, जेवण, घोडे, दोर, क्रॅम्पॉन, कुऱ्हाड. बुटांचं भाडं वेगळं, २,५००. विमान, लेहमधलं हॉटेल आणि विमा आपला. विमा काढताना ६,००० मीटरच्या वरची चढाई त्यात धरली आहे का हे विचारून घ्या, बऱ्याच पॉलिसींमध्ये नसते. भाचीला शिखरावर न गेल्याबद्दल काही परत मिळालं नाही, ते करारात आधीच लिहिलेलं होतं.

एक काळजीची गोष्ट. लेहजवळचं स्तोक कांगरी हे शिखर २०२० पासून बंद झालं, गावाच्या पाण्यावर आणि डोंगरावर गर्दीचा ताण पडला म्हणून. ती गर्दी आता कांग यात्सेकडे वळलीय. आम्ही होतो तेव्हा तळावर आणखी तीन गट होते आणि ओढ्याकाठी टिश्यू पेपर पडलेले दिसले. आमच्या पथकाने निघताना स्वतःचाच नव्हे तर दोन पोती दुसऱ्यांचा कचरा उचलला. जाणाऱ्यांनी आपल्या संस्थेला हे आधी विचारावं.

निमालिंगला भाची वाटेवर येऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला तिने माझ्या पुढे पार केला, ५,२०० च्याही वर, डोकं अजिबात न दुखता. तिने पुढच्या जुलैसाठी नाव नोंदवलंय, पैसे तिच्या पगारातून. संस्थेने तिच्यासाठी निमालिंगला आणखी एक रात्र वाढवलीय आणि यावेळी डायमॉक्सबद्दल डॉक्टरांशी बोलून या असं कळवलंय. आई मेतकूट करून देणार आहे.